गाळ उपसणाऱ्याचे नाव

दिवाळी चार दिवसांवर आली की घराघरांत एकच धांदल उडते. माळ्यावरची भांडी खाली येतात, कोळिष्टके निघतात, गाद्या उन्हात पडतात, आणि वर्षभर कुणाच्या दृष्टीला न पडलेले कोनाडे एकाएकी सर्वांच्या डोळ्यांत खुपू लागतात. अशा वेळी आमच्या मावळातल्या एखाद्या घरात खिडकीतल्या काचेच्या बरणीची पाळी येते. श्रावणात भातखाचराच्या बांधावरून मुलांनी मोठ्या कौतुकाने आणलेल्या दोन गोगलगायी तीत असतात. आणल्या तेव्हा आळीतली सारी मुले त्यांना पाहायला जमली होती. आता आश्विन आला, पाऊस सरला, कौतुकही सरले. आणि बरणीचे झाकण उघडताच नाकाला पदर लावायची वेळ येते.

"आधी ती घाण बाहेर टाक!" आई म्हणते.

"अगं आई, ती घाण नाही, ती गोगलगाय आहे," मुलगा म्हणतो.

वाचकहो, या भांडणात दोघांचेही म्हणणे खरे आहे. गोगलगाय ही घाण नव्हे. आणि बरणीत घाण झाली आहे, हेही खोटे नव्हे. मग ती आली कोठून? आणि ती काढावयाची कोणी? प्रश्न क्षुल्लक दिसतो खरा. परंतु कोंडलेले पाणी आणि कोंडलेला जीव स्वच्छ कसा राखावा या विवंचनेला दोन हजार वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातली काही जुनी पाने कार्ले, भाजे, बेडसे यांच्या कातळावर कोरलेली आहेत.

प्रथम त्या मुक्या जीवाची बाजू मांडू. गोगलगायीच्या अंगाला जो चिकटा असतो तो तिचा रस्ता आहे आणि तिचे पांघरूणही आहे. त्याच्यावरून ती सरकते, त्याच्यामुळे तिचे अंग सुकत नाही. निरोगी गोगलगायीला म्हणण्यासारखी दुर्गंधी नसते. ओल्या मातीचा वास येतो इतकेच. सह्याद्रीत तर एक अशी गोगलगाय आहे की तिच्याइतके धुतलेले घर क्वचितच कुणाचे असेल. तिचे शास्त्रीय नाव क्रेम्नोकाँकस. डब्ल्यू. टी. ब्लॅनफर्ड या भूशास्त्रज्ञाने १८६९ साली हे कुळ वेगळे करून दाखविले. हिचे सारे सगेसोयरे समुद्रकाठच्या खडकांवर राहतात. ही एकटी घाटमाथ्याला आलेली. मुंबईच्या पाठीशी असलेल्या सह्याद्रीपासून महाबळेश्वरापर्यंत, आणि पुढे कर्नाटकातल्या घाटांत, धबधब्यांच्या तुषारांनी भिजणाऱ्या कातळावर ती चिकटून असते. २०१३ साली या कुळाचा नव्याने अभ्यास झाला तेव्हा तिच्या नऊ जाती मोजण्यात आल्या. साऱ्या जगात हे कुळ पश्चिम घाटाखेरीज कोठे नाही.

आता कल्पना करा, वाहत्या पाण्याची ही माहेरवाशीण कुणी हौसेने बरणीत घातली तर काय होईल? बरणीत धबधबा नाही, वारा नाही. तेव्हा पहिली गोष्ट ही की कोणता जीव आणावा आणि कोणता आणू नये, हे कळणे हीच अर्धी स्वच्छता आहे. कातळावरची गोगलगाय कातळावरच राहू द्यावी. बांधावरच्या साध्या गोगलगायीचे मात्र आपण थोडीफार काळजी घेतली तर चालून जाते.

परंतु साचलेले पाणी सुटत नाही. पावसाळ्यात मावळात पाण्याचा नुसता धिंगाणा असतो. आणि चैत्र-वैशाखात डोंगरावर घोटभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते. लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंना ही अडचण इसवी सनापूर्वीच पडली होती. त्यांनी तिच्यावर जो उपाय काढला त्याचे नाव पोढी, म्हणजे कातळात खोदलेले टाके. भाज्याला जा, कार्ल्याला जा, बेडशाला जा. लेण्याच्या शेजारी कातळात चौकोनी तोंडाची ही टाकी दिसतील. तोंड लहान आणि पोट मोठे, अशी त्यांची घडण. यात मोठी युक्ती आहे. तोंड लहान म्हणून ऊन आत फारसे पोहोचत नाही. ऊन नाही म्हणून शेवाळ माजत नाही आणि पाणीही बेताने आटते. शेवाळ कमी म्हणून कुजणे कमी, आणि कुजणे कमी म्हणून वास कमी. आज खिडकीच्या उन्हात काचेची पेटी ठेवून आठ दिवसांत ती हिरवीगार करणाऱ्या माणसाने एकदा भाज्याची पोढी डोळे उघडून पाहावी.

भिक्षूंनी आणखी एक गोष्ट केली. भिक्षूने जवळ बाळगावयाच्या ज्या आठ वस्तू बौद्ध परंपरेत सांगितल्या आहेत, त्यांत चीवर, भिक्षापात्र, सुई यांच्या बरोबरीने पाणी गाळण्याचे फडके आहे. त्याला पाली भाषेत 'परिस्सावन' म्हणतात. मौज अशी की हे फडके केवळ पिणाऱ्याच्या पोटासाठी नव्हते. पाण्यातला बारीक जीव पिण्यात येऊन मरू नये, हा त्यामागचा हेतू होता. पाणीही स्वच्छ राहावे आणि जीवही वाचावा! बरणीवरून भांडणाऱ्या आईला आणि मुलाला या एका फडक्याने एकत्र बसविले असते.

या पोढ्यांवर लेख आहेत. भाज्याच्या एका टाक्यावरील लेखात, ती पोढी महारठी कोसिकीपुत विण्हुदत याचे दान असल्याचे कोरले आहे. बेडशाच्या टाक्यावरच्या लेखात एका स्त्रीचे नाव आहे: महाभोजाची कन्या, आपदेवणकाची पत्नी, महादेवी महारठिनी सामडिनिका. कामशेतजवळच्या पाले येथील लेखात भदंत इंदरखित याने लेणे आणि पोढी करविल्याचे सांगितले आहे. पहा, दोन हजार वर्षे होत आली, सत्ता आल्या आणि गेल्या. पण पाणी देणाऱ्यांची नावे पुसली नाहीत. दानाचे पुण्य खरेच मोठे.

पण मी शाळामास्तर. हजेरी घेताना जो गैरहजर असतो त्याच्याकडे आमचे लक्ष आधी जाते. या हजेरीपटात एक माणूस सापडत नाही. पोढी एकदा खोदली म्हणजे काम संपत नाही. पावसाच्या पाण्याबरोबर डोंगराची माती येते, पाने येतात, एखादा उंदीर पडून मरतो. दर उन्हाळ्यात कुणीतरी त्या अंधाऱ्या पोटात उतरून, गुडघाभर चिखलात उभे राहून गाळ उपसलाच पाहिजे. नाही तर दात्याचे पुण्य चार पावसाळ्यांत कुजून जाईल. तो कुणीतरी कोण होता? त्याचे नाव भाज्याच्या लेखात नाही, बेडशाच्या नाही, पाल्याच्याही नाही. खोदविणाऱ्याचे नाव कातळावर राहिले. उपसणाऱ्याचे गाळाबरोबर गेले.

पुढे याच डोंगरांवर गड नांदू लागले, तेव्हा पाण्याची चिंता राज्यकर्त्यांच्या कागदांत आली. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात गड बांधण्यापूर्वी पाणी पाहावे, नसेल तर कातळ फोडून टाकी करावीत, एका झऱ्यावर विसंबून राहू नये, साठ्याचे पाणी जपावे, असा उपदेश आहे. त्याच प्रकरणात केरकचऱ्याचाही विचार केलेला आहे. गडावरचा केर इतस्ततः टाकू नये. तो जागोजागी जाळावा, आणि त्याची राख घालून घरोघरी परसात भाजीपाला करावा. राज्यकारभाराच्या ग्रंथात केराला जागा देणारा हा मुत्सद्दी मला फार मोठा वाटतो. घाण नुसती दृष्टीआड करणे म्हणजे स्वच्छता नव्हे; तिचे पुढे काय होते हेही पाहिले पाहिजे, हे त्याने ओळखले होते.

लोहगडावर सोळा कोनांचे मोठे तळे आहे. ते नाना फडणवीसांनी बांधल्याचे सांगतात. १८१८ साली लोहगड-विसापूर इंग्रजांच्या हाती गेले. वस्ती उठली की टाक्यांची देखभालही संपते. पाणी तेच, कातळ तोच, पाऊसही तोच. फक्त उपसणारा हात नाही. लोहगडाचे नाव २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले, ही अभिमानाची गोष्ट होय. पण सुट्टीच्या दिवशी घमेली आणि फावडी घेऊन गडकोटांवरची टाकी साफ करणारी जी तरुण मुले अलीकडे दिसतात, त्यांना पाहून मला अधिक बरे वाटते. गैरहजर असलेला गडी हजर झाला, असे मनात येते.

आता आपण पोढी सोडून काचेच्या पेटीकडे येऊ. जलचर घरात पाळण्याची आजची रीत एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात रुजली. आणि गंमत पहा, तेथेही हीच गोष्ट घडली. अ‍ॅना थिन नावाच्या एका बाईने १८४६ साली टॉर्की गावच्या समुद्रातले प्रवाळ लंडनला आपल्या घरी आणले. समुद्राचे पाणी रोज कोठून आणावयाचे? तेव्हा तेच पाणी उघड्या खिडकीसमोर एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राहून त्यात हवा मिसळावयाची, असे ठरले. रोज अर्धा-पाऊण तास! हे ओतण्याचे काम बाईंची मोलकरीण करी. प्रवाळ जगले, बाईंचे नाव शास्त्राच्या इतिहासात आले, आणि ती मोलकरीण? ती केवळ 'मोलकरीण' म्हणूनच राहिली. लंडन काय आणि बेडसे काय!

त्यानंतर रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने दुसरा मार्ग काढला. काचेच्या भांड्यात त्याने दोन सोनेरी मासे सोडले आणि पाण्यात वाढणारे व्हॅलिस्नेरिया नावाचे गवतासारखे झाड लावले. झाडाने प्राणवायू द्यावा, माशांनी तो घ्यावा, असा हिशेब. थोडे दिवस ठीक चालले. मग झाडाची जुनी पाने कुजू लागली, काचेवर बुळबुळीत थर आला, पाणी गढूळ झाले. हिशेबात कुठेतरी चुकत होते. वॉरिंग्टनला डबक्यातल्या गोगलगायी आठवल्या. त्याने त्यांतल्या काही आणून भांड्यात सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाल्ली, बुळबुळीत थर खरवडला, आणि पाणी पुन्हा नितळ झाले. १८५० साली त्याने हा वृत्तांत लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे ठेवला. मासे, झाड आणि गोगलगाय अशा तिघांचा हा संसार. त्यात मासा शोभेचा, झाड कमावते, आणि झाडलोट गोगलगायीकडे! ज्या जीवाला आपण 'घाण' म्हणून बाहेर टाकावयास निघालो, तोच पेटीतला झाडूवाला ठरला.

पण झाडूवाल्यालाही पोट आहे. गोगलगाय खाते तशी विष्ठाही टाकते. तिची विष्ठा आणि उरलेले अन्न यांच्यापासून पाण्यात अमोनिया होतो, आणि तो जलचरांना विषासारखा. १८९०च्या सुमारास सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने दाखवून दिले की अमोनियाचे रूपांतर नायट्राइटात आणि त्याचे पुढे नायट्रेटात करणारे सूक्ष्म जीवाणू असतात. हे जीवाणू वाळूवर, दगडांवर, काचेवर बिऱ्हाड करून राहतात. तेव्हा पेटीतला दुसरा झाडूवाला हा डोळ्यांना न दिसणारा. आपण दिवाळीच्या उत्साहात सारे पाणी ओतून, दगड साबणाने घासून पेटी लख्ख केली तर याचे बिऱ्हाड उठते. आणि चार दिवसांत वास पुन्हा येतो, पहिल्याहून अधिक. जास्त घासल्याने घाण वाढते, हे ऐकून आमच्या आयाबहिणींना नवल वाटेल. पण ते खरे आहे.

हे सारे ध्यानात घेतले म्हणजे त्या बरणीचे काय करावे हे आपोआप सुचते. पाण्यातल्या गोगलगायी असतील तर आठवड्यातून एकदा तीन-चार हिश्शांतले एक हिस्सा पाणी, तेही तळच्या गाळासकट, रबरी नळीने काढावे. नळी तोंडाने मात्र ओढू नये. पाण्याने भरून, टोक दाबून खाली सोडावी. नवे पाणी घालावे ते एक दिवस उघड्या भांड्यात ठेवलेले, म्हणजे नळाच्या पाण्यातला क्लोरीन बहुतांशी उडून जातो. अन्न चिमूटभर. भांडे उन्हात ठेवू नये.

बांधावरच्या, जमिनीवरील गोगलगायी असतील तर बरणीपेक्षा रुंद तोंडाची पेटी बरी, आणि तिला हवेसाठी जाळी हवी. तळाशी दोन-तीन इंच माती किंवा नारळाच्या काथ्याचा भुसा. तो ओलसर असावा, भिजलेला नसावा. मुठीत दाबला तर पाणी गळता कामा नये. माती चिंब राहिली की तिच्यातली हवा संपते, आणि हवेवाचून जगणारे जीवाणू तेथे माजतात. नासक्या अंड्यासारखा जो वास येतो तो त्यांचाच. संध्याकाळी काकडीची चकती, कोबीचे पान द्यावे, आणि उरलेले सकाळी आठवणीने काढावे. दुर्गंधीचे निम्मे मूळ या उष्ट्यात असते. शंखाला चुन्याचे सत्त्व लागते, म्हणून समुद्रफेसाचा तुकडा किंवा अंड्याच्या कवचाची स्वच्छ धुतलेली पूड ठेवावी. पानाचा चुना मुळीच नको, तो अंग भाजतो. काचा पुसावयाच्या त्या साध्या पाण्याने. साबण, फिनेल, मीठ, उदबत्ती, अत्तर यांतले काही त्या पेटीजवळ नेऊ नये. वास झाकण्याने जात नाही, काढण्याने जातो.

आणि एक. पाऊस सरला की गोगलगाय शंखात शिरून दार लावून घेते. ती मेली असे समजून फेकू नये; कोरड्या दिवसांत निजणे हा तिचा स्वभाव आहे. मेलेलीचे अंग मात्र ढिले पडून शंखाबाहेर लोंबते आणि लगेच भयंकर वास सुटतो. अशी एखादी दिसली तर त्याच घटकेला काढावी. लोणावळ्याला वळवणच्या तलावापाशी टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात १९७०च्या दशकापासून महसीर माशाची पैदास होत आली. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि ओगले यांनी त्या कामाचा पाया घातला. माशाच्या अंड्यांची उबवण म्हणजे मोठ्या चिकाटीचे काम. वाहते पाणी तर हवेच, पण मेलेले अंडेही वेळीच वेचून काढावे लागते. नाही तर त्याच्यावर बुरशी चढते आणि ती शेजारच्या जिवंत अंड्यांना धरते. माशाला लागू तेच गोगलगायीला. मेलेले वेळेवर काढणे हे जिवंतावरचे उपकार आहेत.

पेटीतला हात पेटीतून बाहेर आला की साबणाने धुवावा, हे मुलांना पुन्हा पुन्हा सांगावे. गोगलगायीच्या अंगी काही कृमींचे बिऱ्हाड असू शकते. आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात गिमवी गावी मूत्रमार्गाच्या एका कृमिरोगाचे ठाणे गाडगीळ आणि शहा या डॉक्टरांनी १९५२ साली उजेडात आणले, आणि त्या कृमीचा प्रवास पाण्यातल्या एका चिमुकल्या गोगलगायीतून होत असल्याचे आढळले. घाबरण्याचे कारण नाही. हात धुण्याचे मात्र आहे.

आता राहिला तो काढलेला केर. येथे अमात्यांचा उपदेश आठवावा. १८४७ साली विल्यम बेन्सन नावाच्या गृहस्थाने मॉरिशसहून मोठ्या आफ्रिकन गोगलगायी कलकत्त्याला आणल्या. त्या चौरंगीच्या एका बागेत सोडल्या गेल्या. कौतुकाचीच गोष्ट होती ती! पण एकेक गोगलगाय शेकडो अंडी घालते. त्या बागेतून निघालेली ही वरात देशभर पसरली. शेतकरी तिला शंखी गोगलगाय म्हणून ओळखतात. २०२२ सालच्या पावसाळ्यात लातूर, बीड, उस्मानाबाद या भागांत गोगलगायींनी सोयाबीनचे कोवळे कोंब फस्त केले, तेव्हा कित्येकांवर दुबार पेरणीची पाळी आली. म्हणून ही परदेशी गोगलगाय मुळीच पाळू नये. आणि पेटी कोणतीही असो, तिच्यातली जुनी माती तशीच बागेत किंवा ओढ्यात टाकू नये. तीत अंडी असतात. तिच्यावर कढत पाणी ओतून, कडक उन्हात वाळवून मगच ती झाडांना घालावी. हौस आपली आणि भुर्दंड शेतकऱ्याला, असे होता कामा नये.

इतके सारे करावयाचे कोणी, हा मूळ प्रश्न उरतोच. आजवरच्या इतिहासात याचे उत्तर एकच मिळाले आहे: आणील तो निराळा आणि उपशील तो निराळा. पोढीवर नाव महारठीचे, गाळ अनामिकाचा. प्रवाळ बाईसाहेबांचे, पाऊण तास मोलकरणीचा. आणि गोगलगाय चिरंजीवांची, बरणी आईची! दोन हजार वर्षांची ही रीत मोडावयाची तर ती एखाद्या लहानशा बरणीपासूनच मोडता येईल. यंदा बरणी बाहेर फेकण्यापूर्वी ती मुलाच्याच हाती द्यावी; शेजारी एक फडके, एक वाटी आणि साधे पाणी ठेवावे. हात भरतील, नाक मुरडेल, पण जीव पाळणे म्हणजे काय ते त्याला कळेल. आणि काम उरकले की कागदाचा एक तुकडा त्या पेटीवर चिकटवावा. त्याच्यावर 'ही कोणी आणली' हे लिहू नये. 'ही कोण साफ करतो' ते लिहावे.